सहलकंपनीशिवाय बँकॉक

बँकॉकला जाणार असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे मिस्कील हसू उमटते, ते मनावर न घेणे ही या प्रवासाची पहिली तयारी होय. आपल्याकडून जाणारे बहुतेक लोक सहलकंपनीबरोबर जातात आणि त्यांचा बराचसा वेळ पट्टाया, तेथून जवळचे एखादे बेट, प्राणिसंग्रहालय आणि रत्नांचे एखादे भले मोठे दालन यांतच जातो. प्रत्यक्ष शहर त्यांना बसच्या खिडकीतून दिसते तेवढेच. सत्तरी ओलांडलेली, अंडेही न खाणारी माझी आई, महाविद्यालयात शिकणारा भाचा आणि मी असे तिघे मात्र फक्त बँकॉकमध्येच राहिलो आणि सारे आमचे आम्हीच ठरवले. कोठे उतरायचे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडायचे, हे दोन निर्णय घरी बसून नीट घेतले तर हे शहर वृद्ध माणसालाही सोपे जाते, असे माझे या अनुभवानंतरचे मत आहे.

कागदपत्रांचे काम आता फारसे उरलेले नाही. आम्ही गेलो तेव्हा भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता. पूर्वी उतरल्यावर विमानतळावरच रांग लावून आणि २,००० बाट भरून तो घ्यावा लागत असे. हे नियम मधूनमधून बदलत असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घेणे उत्तम. १ मे २०२५ पासून मात्र प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. पोहोचण्यापूर्वीच्या ३ दिवसांत ते भरता येते, त्यात पासपोर्टचा तपशील, विमानाचा क्रमांक आणि राहण्याचा पत्ता द्यावा लागतो आणि त्यासाठी एक पैसाही आकारला जात नाही. ते पैसे घेऊन भरून देणारी, दिसायला सरकारी वाटणारी संकेतस्थळे शोधयंत्रात सरकारी संकेतस्थळाच्या आधी झळकतात, म्हणून पैसे मागितले की आपण चुकीच्या दारात आहोत हे ओळखावे. परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण छापून जवळ ठेवावे, कारण अधिकारी ते मागू शकतो. आईच्या हातात मी तिच्या कागदांची वेगळी पिशवी दिली होती आणि ती पिशवी तिने विमानातही मांडीवरून खाली ठेवली नाही.

राहण्याच्या जागेचा विचार मी सर्वांत जास्त केला. बँकॉकच्या नकाशावर दोन ठिकाणांमधले अंतर पाहून काहीच कळत नाही, कारण ५ किलोमीटरला संध्याकाळी टॅक्सीने तासभरही लागू शकतो आणि तेच अंतर उन्नत रेल्वेने १० मिनिटांत संपते. ही उन्नत रेल्वे, म्हणजे बीटीएस, ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली, भुयारी मेट्रो २००४ मध्ये आली आणि हॉटेल यांपैकी एखाद्या स्थानकापासून ५ मिनिटांच्या चालीवर असणे हे मी त्याच्या जलतरण तलावापेक्षा कितीतरी महत्त्वाचे मानते. आम्ही साला डेंग या बीटीएस स्थानकाजवळ राहिलो. तेथेच सीलोम हे मेट्रोचे स्थानक आहे आणि पुढे चौथे स्थानक थेट चाओ फ्राया नदीच्या काठावर आहे. भारतीय कुटुंबे बहुधा नाना किंवा असोक या भागांत उतरतात, कारण तेथे भारतीय उपाहारगृहे पुष्कळ आहेत. नानाच्या काही गल्ल्यांचे रात्रीचे रूप मात्र आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने आधी माहीत करून घेतलेले बरे. पत्ता वाचतानाही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांकाच्या गल्ल्या असतात, त्यांना सोई म्हणतात, आणि दोन्ही बाजूंचे क्रमांक समोरासमोर येतीलच असे नाही. सुखुमवित रस्त्यावर ५५ क्रमांकाच्या सोईच्या समोर ३८ क्रमांकाची सोई येते. त्यामुळे ‘समोरच असेल’ म्हणून उन्हात रस्ता ओलांडण्यात अर्थ नसतो. शिवाय बीटीएसच्या प्रत्येक स्थानकाला दोन्ही बाजूंनी लिफ्ट असतेच असेही नाही. गुडघे दुखणारे माणूस बरोबर असेल तर लिफ्ट कोणत्या दारापाशी आहे हे आधी पाहून ठेवावे.

मुंबईहून रात्री निघालेले विमान साडेचार तासांत सुवर्णभूमी विमानतळावर उतरते आणि घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. काही स्वस्त विमाने डॉन मुआंग या जुन्या विमानतळावर उतरतात, तेव्हा तिकिटावर हे नीट वाचावे. पैसे बदलण्याची घाई सामानाच्या पट्ट्याशेजारच्या खिडकीवर करू नये. सगळ्यात खालच्या मजल्यावर, जेथून शहरात जाणारी रेल्वे सुटते, तेथील खिडक्यांवर दर उघड उघड चांगला मिळतो. एटीएममधून काढायचे तर थाई बँक परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटांहून अधिक शुल्क लावते आणि आपली बँक वर स्वतःचे लावते, म्हणून थोडे थोडे काढण्याऐवजी एकदाच काय ते काढावे. यंत्राने ‘रुपयांत हिशेब करू का’ असे विचारले तर नकार द्यावा, कारण तो दर बहुतेक वेळा यंत्राच्या फायद्याचा असतो. विमानतळावरची ती रेल्वे ४५ बाटांत अर्ध्या तासाच्या आत फया थाईला पोहोचवते. तेथून बीटीएसने सियाम, सियामला समोरच्या फलाटावर गाडी बदलून साला डेंग, असा आमचा मार्ग होता. सामान जास्त असेल तर तळमजल्यावर यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घेऊन मीटरची टॅक्सी करावी. मीटरच्या वर ५० बाट विमानतळाचे आणि टोलचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि ते वाजवी आहेत, त्यावर वाद घालू नये.

हॉटेलची खोली दुपारी २ पर्यंत मिळणार नव्हती, म्हणून सामान त्यांच्याकडे ठेवून आम्ही सरळ नदीवर गेलो. सफान ताक्सिन स्थानकाच्या जिन्याखालीच साथोर्न हा धक्का आहे. तेथे पर्यटकांसाठीच्या बोटींची तिकिटे विकणारे मोठ्याने बोलावत असतात. ती बोट वाईट नाही, पण तिचे भाडे कितीतरी जास्त असते. नारिंगी झेंड्याची नाव ही रोजच्या प्रवाशांची, आणि तिचे भाडे कोठेही उतरा, १६ बाट. ती धक्क्याला फारच थोडा वेळ टेकते. मागच्या कठड्यावर उभा असलेला खलाशी शिटीच्या वेगवेगळ्या आवाजांनी पुढे बसलेल्या चालकाला ‘थोडे मागे’, ‘आता थांब’, ‘चल’ असे कळवतो. त्याला मागचे दिसते, चालकाला दिसत नाही. त्याने दोर खुंट्याला गुंडाळला की उतरणारे आधी उतरतात आणि मग चढणाऱ्यांनी रेंगाळायचे नसते. नाव हलू लागली की तिकीट देणारी बाई हातातली धातूची लांब नळी खडखड वाजवत गर्दीतून फिरते. त्या नळीत एकीकडे नाणी आणि दुसरीकडे तिकिटांच्या गुंडाळ्या असतात, आणि नळीच्याच कडेवर ती तिकीट फाडून देते. सुट्टे पैसे हातात तयार ठेवावेत. दाराजवळची काही जागा भिक्षूंसाठी राखलेली असते. तेथे बसू नये, आणि स्त्रियांनी भिक्षूंना धक्का लागणार नाही एवढे अंतर ठेवावे. आईला हात देऊन चढवताना खलाशाने शिटी तोंडातून न काढताच तिचे कोपर धरले. नंतर पूर्ण मुक्कामात ‘आज नाव आहे ना?’ हा तिचा सकाळचा पहिला प्रश्न झाला.

ऊन हा येथला खरा विरोधक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात बरा काळ आणि मार्च ते मे हा नकोसा. बऱ्या काळातही सकाळी ८ ते ११ आणि नंतर संध्याकाळी ४ च्या पुढे, एवढाच वेळ मोकळ्या जागेसाठी ठेवून मधले तास वातानुकूलित ठिकाणी काढावेत, हे आम्ही कसोशीने पाळले. जानेवारी-फेब्रुवारीत हवेतल्या धुरक्याचा त्रास होऊ शकतो, दम्याच्या रुग्णांनी मुखपट्टी जवळ ठेवावी. आणि गाड्यांमधली थंडी इतकी असते की आईची शाल फिरण्याच्या पिशवीतच राहिली.

राजवाडा आणि त्याच्या आवारातले वात फ्रा केओ हे मंदिर पाहण्यासाठी ५०० बाटांचे तिकीट आहे. ते साडेआठला उघडते आणि आपण दारात त्याच वेळी असावे. १० नंतर तेथे मोठे गट येतात आणि संगमरवरी अंगणात सावली शोधूनही सापडत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असले पाहिजेत, हा नियम ते खरोखर पाळायला लावतात. आईच्या साडीकडे पहारेकऱ्याने पाहिलेही नाही. भाच्याला मात्र मी निघतानाच हाफपँट बदलायला लावली होती, त्यावर “मावशी, तिकडे सगळेच हाफपँटमध्ये फिरतात” असा त्याचा युक्तिवाद फाटकापाशी परत पाठवलेल्या चार-पाच जणांना पाहून आपोआप मिटला.

याच परिसरात बँकॉकची सुप्रसिद्ध फसवणूक भेटते. धक्क्यावरून चालत निघालो तसा इस्त्रीच्या सदऱ्यातला, गळ्यात ओळखपत्र लावलेला एक गृहस्थ अत्यंत अदबीने म्हणाला की आज धार्मिक विधी असल्यामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर २० बाटांत टुकटुकने, म्हणजे तिथल्या तीनचाकी रिक्षाने, दुसरी मंदिरे पाहून या. ही टुकटुक मंदिरात नेते, पण मग रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानांत नेते, आणि स्वस्त भाड्याची भरपाई तेथल्या दलालीतून होते. आई म्हणाली, “अगं, एवढा बापडा सांगतोय, खोटं कशाला बोलेल?” मी तिचा हात धरून चालत राहिले आणि काही मिनिटांत आम्ही उघड्या फाटकाशी पोहोचलो. राजघराण्याच्या समारंभासाठी काही भाग कधी कधी खरोखर बंद असतो, पण ते राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी जाहीर होते. रस्त्यावर आपणहून इंग्रजीत बोलायला येणाऱ्याकडून ते कळून घेण्याची गरज नसते. एरवी वाट विचारली असता तेथील लोक जितक्या आपुलकीने मदत करतात, तितकी मला आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांतही क्वचित मिळाली आहे.

वात फ्रा केओमधली बुद्धमूर्ती हिरव्या दगडात कोरलेली आणि अपेक्षेपेक्षा फारच लहान, जेमतेम ६६ सेंटिमीटरची आहे. तिची वस्त्रे उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा ऋतूंनुसार राजाच्या हस्ते बदलली जातात. आत छायाचित्र काढायचे नाही, पादत्राणे बाहेर ठेवायची आणि बसताना तळपाय मूर्तीकडे करायचे नाहीत. पण आम्ही जास्तीत जास्त वेळ काढला तो भोवतालच्या ओवरीत. तेथील भिंतींवर रामाकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेले आहे आणि बहुतेक गट त्याच्यासमोरून सरळ चालत जातात. आपल्या वाचकांनी तसे करू नये. राम हिरव्या अंगाचा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा शुभ्र आणि रावणाचे नाव थोत्सकान, म्हणजे आपला दशकंठ. एवढे सांगितल्यावर आईने पुढची ओवरी स्वतःच वाचायला सुरुवात केली. हा सेतू, हा कुंभकर्ण, ही अशोकवाटिका, असे ती बोटाने दाखवत गेली आणि एक परदेशी जोडपे तिला वाटाड्या समजून मागे मागे येऊ लागले. सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या ही रावणाची मुलगी असून हनुमान तिच्या प्रेमात पडतो, हे मी सांगितले तेव्हा मात्र तिला ते मुळीच पटले नाही. सीता ही तिकडच्या कथेत रावणाचीच टाकून दिलेली कन्या आहे, हे सांगण्याचे मी त्या दिवशी टाळले.

जवळच वात फो हे दुसरे मंदिर आहे (‘वात’ म्हणजे मंदिर). तेथील पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब असून त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हे आहेत. मागच्या बाजूला १०८ पितळी वाडगे ओळीने ठेवलेले असतात. नाण्यांचा एक पेला विकत घेऊन प्रत्येक वाडग्यात एकेक नाणे टाकत जायचे असते आणि त्याचा सतत होणारा किणकिणाट सगळ्या दालनात ऐकू येतो. समोरच्या तीरावरच्या वात अरुणला जाण्यासाठी था तिएनच्या धक्क्यावरून नदी ओलांडणारी छोटी होडी मिळते. तेथील जिने फारच उभे आहेत, आई खाली बसून राहिली आणि तिचे काही बिघडले नाही. शिखराला जडवलेले चिनी बशांचे आणि वाट्यांचे तुकडे खालूनच जास्त चांगले दिसतात.

शाकाहाराबद्दल निघण्यापूर्वी सर्वांनी घाबरवले होते. ती भीती सर्वस्वी खोटीही नाही. साध्या परतलेल्या भाजीतही माशाचा पाणीदार सॉस, नाम प्ला, पडतो. पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. आणि आपल्या नाळीच्या भाजीसारखी जी पालेभाजी तेथे घराघरांत खातात, तिच्यात बहुधा कालवांचा सॉस असतो. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण मांसाचे तुकडे नसले की झाले, असा अर्थ घेतला जाऊ शकतो. उपयोगी पडतो तो ‘जे’ हा शब्द. चिनी बौद्ध परंपरेतला हा कडक आहार असून त्यात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन प्रवाशांचीही त्यावर बरीच सोय होते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हा शब्द लिहिलेला असतो आणि थाई लिपीत तो इंग्रजी सतराच्या आकड्यासारखा दिसतो. एकदा हे डोळ्यांत बसले की गल्लीबोळांतही पताका दिसू लागतात. मोठ्या मॉलच्या फूड कोर्टात बहुधा एखादा गाळा ‘जे’चा असतो. काही ठिकाणी आधी खिडकीवर पैसे भरून कार्ड घ्यायचे आणि उरलेले पैसे जाताना परत घ्यायचे अशी पद्धत आहे. वर्षातून एकदा, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, चिनी पंचांगाप्रमाणे नऊ दिवसांचा शाकाहार-उत्सव असतो, तेव्हा यावरात या चिनी वस्तीत पिवळ्या पताकांची रांगच लागते. खाण्यापिण्याची फार काळजी असलेल्यांनी तीच वेळ निवडावी, असे मी सुचवीन. ‘मासे, कोळंबी, त्यांचे सॉस आणि अंडे नको’ हे वाक्य थाई लिपीत फोनवर साठवून ठेवले होते. ते दाखवल्यावर काही विक्रेत्यांनी मान हलवून सरळ नकार दिला, आणि तो नकारच आम्हांला सर्वांत भरवशाचा वाटला. आंबा, नारळाचे दूध आणि चिकट भात यांचे गोड ताट मात्र निर्धोक असते. आईने नाश्ता, जेवण आणि मधल्या वेळचे खाणे या तिन्ही नात्यांनी ते खाल्ले.

घरच्यासारखे जेवण हवे तर साम योत मेट्रो स्थानकाजवळ फाहुरात ही कापडबाजाराची वस्ती आहे. सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाराभोवती शीख व्यापाऱ्यांची दुकाने, पंजाबी उपाहारगृहे आणि मिठाईवाले आहेत, आणि गुरुद्वारात लंगर असतो. आमच्या हॉटेलाजवळ, सीलोम रस्त्यावर, तमिळ स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले उमादेवीचे मंदिर होते. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. तेथे आईला सर्वांत आश्चर्य वाटले ते भक्तांचे, कारण हात जोडून उभे असलेल्यांत भारतीय थोडे आणि थाईच जास्त होते. गणपतीचेही तसेच आहे. चितलोम स्थानकापासून थोड्या अंतरावर, राचप्रसोंग चौकातल्या भल्या मोठ्या मॉलसमोर त्याची मूर्ती आहे. कार्यालयात जाणाऱ्या मुली दप्तर खांद्याला अडकवलेल्या अवस्थेतच चपला काढून तिच्यासमोर गुडघे टेकतात आणि झेंडूचा हार, केळी किंवा ऊस ठेवून निघून जातात. त्याच चौकात १९५६ मधले ब्रह्मदेवाचे छोटे देवालय आहे. तेथे नवस फेडणारे लोक नर्तकींना पैसे देऊन देवापुढे नाच करवतात. दूर्वा मिळणार नाहीत एवढेच, बाकी हार पाहिजे तेवढे मिळतात.

वागण्याचे दोन-तीन नियम खरोखर गंभीर आहेत. राजा आणि राजघराण्याबद्दल चेष्टेनेही काही बोलू नये. त्या अपराधाला ३ ते १५ वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. नोट किंवा नाणे घरंगळले तर ते पायाने अडवू नये, कारण त्यावर राजाचे चित्र असते. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्थानकांत आणि बागांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा सगळे जेथल्या तेथे उभे राहतात, आपणही राहावे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंदी असलेली वस्तू आहे. भाच्याच्या वयाच्या मुलांना हे निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगावे.

सेन सेप कालव्यातली नाव मी आणि भाच्याने आईशिवाय केली, आणि वृद्धांना ती मी सुचवणार नाही. धक्का आणि नाव यांमधली फट रुंद असते, कठड्यावर पाय देऊन आत उडी मारावी लागते आणि समोरून दुसरी नाव आली की कडेला बसलेल्या प्रवाशाने दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करायचा असतो, नाहीतर ते काळे पाणी सर्वांच्या अंगावर उडते. ती दोरी भाच्याच्या हाती आली आणि शेजारच्या आजीबाईंनी त्याला तो पडदा कधी ओढायचा हे खुणेने शिकवले. तरंगता बाजार आम्ही वगळला. दामनोएन सादुआकचा प्रसिद्ध बाजार शहरापासून सुमारे १०० किलोमीटर आहे, आणि ज्यांच्याजवळ थोडेच दिवस आहेत त्यांनी तेवढा वेळ गाडीत बसण्यापेक्षा नदीवर घालवावा.

परतीच्या दिवशी विमान रात्रीचे असेल आणि त्यातही तो शुक्रवार असेल, तर टॅक्सीचा विचारही करू नये. आम्ही ४ वाजता बीटीएसने फया थाईला आलो, तेथून विमानतळाची रेल्वे पकडली आणि तासाभरात पोहोचलो. वाटेत उन्नत मार्गावरून खालचा रस्ता दिसत होता आणि त्यावरच्या गाड्या जागच्या हललेल्या नव्हत्या. उरलेली सुट्टी नाणी विमानतळाआधीच संपवावीत, कारण पैसे बदलणारे नाणी घेत नाहीत.